वास माझा, नाव आण्णांचं

मी कोबा बोलतोय. तुमच्या पायाखालून बोलतोय, तेव्हा जरा वाकून ऐका.

कात्रजच्या पुढे रावसाहेबांचं शेत होतं. शेतातली विहीर बुजवून त्यावर बंगला उठला आणि खालच्या खोलीत सिमेंट-खडी ओतून मला जन्माला घातलं. पहिली चार वर्षं माझ्यावर अंगणवाडी भरली. मी 'ठ'पर्यंत पोचलो, तेवढ्यात ती दुसरीकडे हलली. शिक्षण अडलं ते अडलंच. पण माणसं वाचायला 'ठ'पर्यंत पुरतं.

मला खोड एकच. विहीर बुजली तरी खालचं पाणी काही मेलं नाही. ते मी हळूच वर ओढतो आणि हवेत सोडून देतो. उघडा होतो तोवर कुणाला पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी रावसाहेबांचे, म्हणजे आमच्या आण्णांचे, गुडघे गेले. जिना चढवेना. मुलगा विक्रम आणि सून राजनंदिनी यांनी त्यांचा पलंग खाली आणला आणि आण्णांना गारठा नको म्हणून माझ्यावर लाकडी फ्लोअरिंग घातलं. बसवणारा रतन म्हणाला, "दादा, टेन्शन नका घेऊ, रूम एकदम फाइव्ह स्टार!" खाली ओल आहे का, हे त्यानं बघितलंसुद्धा नाही. वरून सूट-बूट आणि आत ओला बनियन, अशी माझी गत.

महिन्याभरात वास सुटला. कुबट, भिजल्या गोणपाटासारखा. मला तर गुदगुल्या होत होत्या! राजनंदिनीनं नाक मुरडलं आणि तिची नजर गेली थेट आण्णांकडे.

आधी त्यांचे मोजे गच्चीवर गेले. मग घोंगडी. मग तंबाखूची चंची, ती कायमचीच. आण्णांना दिवसातून दोन आंघोळी लागू झाल्या. कामाच्या वेणूबाई सकाळ-संध्याकाळ बादलीभर फिनेलच्या पाण्यानं लाकूड पुसू लागल्या. फटींतून पाणी खाली, माझ्या पोटात! मी ढेकर देऊन दुप्पट वास मारायचो.

"अहो, वयानं होतं असं," राजनंदिनी दारात कुजबुजली. "खडकीला तुमच्या ताईंकडे राहू देत की आता."

"रविवारी सोडून येतो," विक्रम म्हणाला.

आण्णांनी ते ऐकलं. त्यांनी सदऱ्याची बाही हुंगली. मग बगल. मग पुन्हा बाही. तेव्हा मात्र माझं हसू आटलं. चेष्टा करावी, पण म्हाताऱ्याला घराबाहेर काढण्याइतकी? बोलता तर येईना. होती नव्हती ती ओल मी वर ढकलली. शुक्रवारी कोपऱ्यातली एक पट्टी टम्म फुगली आणि आण्णांची काठी तिला अडखळली.

आण्णा वाकले. हुंगलं. डोळे लकाकले.

"आरं, ह्यो तर माझ्या हिरीचा वास हाय!"

त्यांनी पट्टी उचकटली, दुधाची रिकामी पिशवी कापून, पुसून माझ्यावर पसरली आणि चारी कडांना चिकटपट्टी लावली. शेती होती तेव्हा धान्याची पोती ठेवायच्या आधी ओल आहे का, हे ते खोलीच्या जमिनीवर असंच प्लॅस्टिक अंथरून बघायचे.

रविवारी विक्रम बॅग घेऊन आला. "आण्णा, निघू या ना?"

"आधी ती पिशवी उचल."

उचलली. आतून थेंबच थेंब!

"आता हुंग."

विक्रमनं नाक खाली नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. "बाप रे!"

"बापाचा न्हाय, जमिनीचा हाय."

राजनंदिनीचा चेहरा उतरला. "चुकलं, आण्णा."

"असू दे. चंची आण माझी."

आता फ्लोअरिंग निघालंय, पंखा फिरतोय आणि मी उघड्या अंगानं मजेत वाळतोय. माझ्यावर काही घालायचं असेल तर आधी दोन दिवस पिशवी लावून बघा. आणि घरात वास आला तर म्हाताऱ्याच्या आधी जमीन हुंगा, एवढंच मागणं.

हां, एक राहिलं. माझ्या जन्माच्या वेळी गवंड्यानं विचारलं होतं, "रावसाहेब, खाली प्लॅस्टिक अंथरू का? ओल येईल." तेव्हा हेच आण्णा छाती काढून म्हणाले होते, "माझी जमीन? ठणठणीत कोरडी हाय! वत तसाच!"

परवा सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी काठीनं मला हळूच ठोकलं. "ते प्लॅस्टिकचं कुणाला सांगू नगंस."

मी कशाला सांगतोय?