नळाखालचं सोडियम

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण सांगतो," फुंकमामा म्हणाला आणि सवयीने स्टूल पुढे ओढलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या फुंकून वळवणं हा त्याचा धंदा आणि थापा मारणं हा छंद. एरवी त्याने स्टूल ओढलं की पोरं गोळा व्हायची. आज समोर भाची एकटीच होती. सख्खी नव्हे, प्रयोगशाळा सहायकाची मुलगी. पण बोलता यायला लागल्यापासून त्याला मामाच म्हणायची. तिचा बाप परवा इथेच गेला. फुटलेल्या बेसिनचे तुकडे कुणीतरी कोपऱ्यात लोटून ठेवले होते. दूरच्या सासरहून आल्यापासून तिचं एकच टुमणं होतं, कसं झालं?

मामाने डोळ्यांनी पाहिलं होतं, तीच तर पंचाईत होती. वर्षभर म्हातारा आतून रिकामा होत चालला होता. आधी चष्मा हरवला, मग किल्ल्या, मग माणसांची नावं. परवा सकाळी तो बेसिनपाशी उभा होता. ओंजळीत रॉकेलच्या बरणीतले सोडियमचे तुकडे, आणि बटाटे धुवावेत तसे ते धुवायला निघालेला. मामाची हाक पोचायच्या आत नळ सुटला.

आणि याच माणसाने या पोरीला मूलद्रव्यं घरातल्या भानगडींसारखी शिकवली होती. सोडियम म्हणजे तापट मुलगा, पाणी दिसलं की भडकतो, म्हणून रॉकेलात बुडवून ठेवायचा. क्लोरीन ही विखारी मुलगी. दोघांचं लग्न लावलं की मीठ होतं, मग खुशाल आमटीत घाला. सोनं म्हणजे माजोरडी आत्या, कुणात मिसळायची नाही.

"बरणी फुटली," मामाने सुरुवात केली. "आतला गोळा नारळाएवढा. टेबलावरच्या ओलीत पडला, पेटला आणि पोरांच्या मागे धावत सुटला. थेट जिन्यापर्यंत."

"जिना चढला?"

"एकच पायरी. खोटं कशाला बोलू? एक प्राध्यापक कपाटावर चढून बसलेत, अजून खाली उतरत नाहीत."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. मामाला जरा धीर आला. जन्मभराच्या थापा पडल्या तरी त्याचं काही बिघडलं नव्हतं. ही एक मात्र उभी राहायला हवी होती.

"तुझा बाप शांत. सगळ्यांना बाहेर ढकललं, गोळा चिमट्यात धरला. मला म्हणाला, पोरीला सांग, मी घाबरलो नाही. तुझंच नाव घेतलं बघ शेवटी."

तिची नजर कोपऱ्यातल्या तुकड्यांवर गेली.

"मग बेसिन कशानं फुटलं?"

मामाने एवढा विचार केलाच नव्हता. तोंडात आलं ते बोलून गेला. "तिथंच तर विझवला त्यानं. नळ सोडला आणि गोळा धरला खाली..."

ती रडत नव्हती. ते त्याला जास्त जड गेलं.

"थाप आहे ही, मामा," ती म्हणाली. "सोडियम पाण्यानं विझत नाही. बाबा हे विसरले असतील, तर माझं नाव त्यांच्या तोंडी कुठून येणार?"