भिंतीपलीकडची सुशीला

सिद्धराम वाचनालयात नोकरीला होते. जन्मभर दबक्या आवाजात बोलले, निवृत्तीनंतर तेवढंही बोलणं उरलं नाही. म्हणून नांदेडची नात शिवांगी सुट्टीत लातूरला आली, तेव्हा सोबतीला एक पिल्लू ठेवून गेली. पहिल्याच सकाळी पिल्लानं आजोबांच्या ताटलीतली सुशीला, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची न्याहारी, मिरच्यांसकट फस्त केली. पिल्लू मादी होतं. शिवांगीनं नाव ठेवलं सुशीला, आणि हसत हसत गाडीत बसली.

भिंतीपलीकडे सुशीलाबाई राहत. हे शिवांगीला कोण सांगणार?

सिद्धराम कुत्रीला "ए", "अगं" करून पाहत. ती नावाखेरीज कशालाच कान देत नसे. मग ते वाकून तिच्या कानात नाव पुटपुटत.

एका दुपारी वरातीचे फटाके वाजले आणि ती फाटकाच्या फटीतून पळाली. सिद्धराम ऊन उतरेपर्यंत पाय ओढत फिरले. औसा रोडच्या चहावाल्यानं विचारलं, "काका, नाव काय तिचं?"

"मुरमुऱ्याचं हाय."

"भेळ?"

"न्हाई."

"चिवडा?"

"ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी शिवांगीचा फोन यायचा. ती आधी कुत्रीची खुशाली विचारी, मग आजोबांची. काय सांगायचं? आपल्याच फाटकाशी ते थांबले. पुढं पाऊल निघेना. डोळे मिटून ते ओरडले, "सुशीलाऽऽ! ये गं घरी!"

शेजारचं दार उघडलं. सुशीलाबाई, आणि त्यांच्या पदराआडून कुत्री.

"मला बोलावलं का हिला?"

"हिला... माफ करा. नातीनं ठेवलंय. मी बदलतो. कणकेच्या गोळ्यावरून उंडा ठेवतो."

"बाईमाणसाला उंडा? दुपारपासून माझ्या पलंगाखाली थरथरून राहिली ही. तुमच्या दारात दोनदा येऊन गेले, तुम्ही गावभर. इथूनच हाक मारली असती तर तवाच सोडली असती की!"

"लाज वाटली."

"कशाची? आमच्या सासूबाई मला 'ए मुरमुरे' म्हणायच्या, पावण्यांसमोर."

आत फोन वाजू लागला. सिद्धराम पायरी चढले. लाजायलाही आता अंगात बळ नव्हतं.

"चल, सुशीला," ते म्हणाले, ऐकू जाईल इतपत.

"कोण, मी का ती?" भिंतीपलीकडून आलं.