ठासणीची म्हणून घडले, झडपेची झाले

मित्रांनो, मी दिसते जुनी, पण आहे नवी. मी एका जुन्या बंदुकीची हुबेहूब नक्कल आहे. नक्कल म्हणून नाके मुरडू नका. माझी नळी बंदुकांसाठी नावाजलेल्या गार्दोने गावात घडली आणि माझा अक्रोडाचा दस्ता ऑर्सोलाबाईच्या हातचा आहे. आमच्या खोऱ्यात एवढे सांगितले की भलेभले टोपी काढतात.

ऑर्सोलाबाई म्हणजे मला घडवणाऱ्या फेर्मोची आई. फेर्मो लोखंडाचे काम करी, ती लाकडाचे. तिची नजर अधू होत चालली होती, म्हणून माझ्यानंतर ती पटाशी खाली ठेवणार होती. कामाला हात घालण्याआधीच तिने मुलाला विचारले, "ठासणीचीच ना रे? पुढून दारू ठासायची, ती? कापाकापी नाही ना करणार?"

"नाही गं आई."

"शेवटचं काम आहे माझं. कापणार असशील तर आत्ताच सांग, मी शिवणारसुद्धा नाही."

"अगं, नाही म्हटलं ना!"

मग तिने माझे काय लाड केले म्हणून सांगू! माझ्या नळीचे बूड दिव्यावर काजळायची, लाकडाच्या खाचेत दाबायची, उचलायची आणि जिथे काळा डाग उठेल तेवढेच खरवडायची. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंता करपला तरी बाई उठायची नाही. शेवटी बुडापाशी लोखंड कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होते, ते बोटाला कळेना.

शेजारचा बोर्तोलो वाकून बघत म्हणाला, "ऑर्सोला, यात केससुद्धा जायचा नाही!"

"तुझ्या डोक्यावर उरलाय का एखादा? घालून बघ की."

मला डोंगराखाली नेऊन बार काढला. गोळी फळीच्या मधोमध लागली. ऑर्सोलाबाईने माझ्या दस्त्यावर थोपटले. मी तर हवेतच होते.

दुसऱ्या दिवशी त्या मेल्या फेर्मोने मला पकडीत आवळले आणि करवत घेतली.

पूर्वी सैन्यांकडे ठासणीच्या बंदुकांचे ढीग पडले होते. काडतुसे आली, तेव्हा त्यांची बुडे कापून झडपा बसवल्या, म्हणजे मागून भरता येई. गिऱ्हाइकाला तसलीच हवी होती, आणि तीही त्याच रीतीने केलेली: आधी अख्खी घडवायची, मग कापायची. फेर्मोने मला जिथे कापले, तिथेच बाईने जीव ओतला होता. झडपेला जागा हवी म्हणून लाकूडही तासले.

ऑर्सोलाबाई आत आली. तिने बोट फिरवले आणि ते खाचेत अडकले.

"हे कधी ठरलं?"

फेर्मो कानस घासत राहिला.

"तुला विचारतेय मी."

"पहिल्यापासून. आई, तुला सांगितलं असतं तर तू केलं असतंस का? आणि तुझ्यासारखा दस्ता दुसरं करतं कोण?"

"म्हणजे हात माझे हवे होते. माझं हो-नाही नको होतं."

"आता रागावू नकोस. झडपेभोवतीचं लाकूड तेवढं बसवून दे ना."

तिने मला उचलले. मला वाटले, सावरेल. तिने दस्त्याच्या टाचेची लोखंडी पट्टी उघडली. आमच्याकडे कारागीर त्या पट्टीखाली, कुणाला दिसणार नाही असे, आपले नाव कोरतात. तिने पटाशीने आपले नाव तासून टाकले, पट्टी परत बसवली आणि मला त्याच्यासमोर आडवी टाकली.

"ही माझी नव्हे. तूच कर पुरी."

खोटे फेर्मो बोलला, आणि आईला मुकले मी!

आता मी गिऱ्हाइकाच्या काचेच्या कपाटात असते. पाहुणे झडप उघडतात, मिटतात, वाहवा करतात. दस्ता कुणी केला म्हणून विचारले की मालक म्हणतो, असेल कुणीतरी.

मित्रांनो, मला तेल लावा, ओलीपासून जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढेच सांगते, की ज्याच्याकडून काही घडवून घ्याल त्याला आधी खरे काय ते सांगा. ऑर्सोलाबाई नाही म्हणाली असती. मग म्हणू द्यायचे होते.