कड्या माझ्याच पोत्यात होत्या

मित्रांनो, मी एक जुनी बंगई आहे. तुमच्या गावी झोपाळा म्हणत असतील, आमच्या नागभीडकडे बंगईच म्हणतात. आयुष्याची पहिली आठ वर्षे मी नुसती झोपून काढली. झुलायला शिकले ती त्यानंतर.

मूळची मी आलापल्लीच्या जंगलातली, सागाची. वारा आला की डुलायचे, एवढेच तेव्हा माझे काम होते आणि ते मला फार आवडायचे. पुढे १९८० साली पोचू वाढयाने, म्हणजे सुताराने, मला घडवले. चार कोपऱ्यांवर त्याने चार पोपट कोरले. एकाची चोच जरा वाकडी झाली.

श्रीहरीभाऊंनी मला बैलगाडीतून घरी आणले. त्यांची म्हातारी आई, रुखमाबाई, अंगणातच पुढे आली. माझ्यावरून हात फिरवत तिने विचारले, "कुठी टांगशीन रे हिले?"

"नव्या घरात, माय. स्लॅबचं घर होऊ दे, मग दिवसभर बस. या मातीच्या घरात हिची शोभा नाई."

झाले! मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. स्लॅब ओततानाच त्यात बसवायच्या चार लोखंडी कड्याही आणल्या होत्या. त्या हरवू नयेत म्हणून भाऊंनी माझ्याच पोत्यात, अगदी तळाशी बांधून ठेवल्या. एवढी काळजी त्यांनी घेतली.

माळ्यावर माझ्या शेजारी वाळलेल्या मोहफुलांची टोपली असायची. त्या गोडसर वासात मला सारखी गुंगी यायची. मग मी स्वप्ने पाहायचे. नवे घर, गुळगुळीत भिंती, मोठी खिडकी आणि मधोमध मी, झुलते आहे. वर कौलांवर चिमण्या नाचत, कवडशातून धूळ तरंगत खाली येई. मी तिकडे बघतसुद्धा नसे.

खाली वर्षे जात होती. आधी विहीर झाली, मग नवी बैलजोडी आली, मग सोमारीचे, म्हणजे भाऊंच्या लेकीचे, लग्न झाले. घर पुढे पुढेच जात राहिले. दरवर्षी धानाची रोवणी आटोपली की वाकलेल्या पाठीने रुखमाबाई माळ्याखाली यायची आणि काठीने मला टोचायची.

"काऊन वो, झोपली का? तुह्यावर बसून एक पान खायचं हाये मले."

खरे सांगते, मला तिचा रागच यायचा. माझे स्वप्न मोडायचे ना!

१९८६च्या थंडीत काठी टोचायची थांबली. रुखमाबाई गेली होती. मी पोत्यात पडल्या पडल्या खूप वाट पाहिली. मला फार वाईट वाटले, आजही वाटते.

दोन वर्षांनी अंगणापलीकडे स्लॅब पडला. सारा गाव घमेली उचलायला आला. भाऊ कोणाला चहा दे, कोणाला पोहे दे, असे दिवसभर धावत होते. आणि मी माळ्यावरून जीव तोडून ओरडत होते, "भाऊ, कड्या! कड्या माझ्यापाशी आहेत!" पण लाकडाचे कोण ऐकतो?

स्लॅब वाळल्यावर मला नव्या घरात नेले. पोते सोडताच चार कड्या खणखणत फरशीवर पडल्या. भाऊंनी वर पाहिले. छत कसे गुळगुळीत, एक खाच नाही.

"मायले बसू नाई देल्लं मी," ते म्हणाले आणि रडू लागले.

थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी पोते परत माझ्यावर ओढले. "राहू दे आता. पुढच्या वर्षी दुसरी खोली काढू, तिच्यात टांगू."

पण मनकर्णाबाईंनी, त्यांच्या बायकोने, पोते त्यांच्या हातातून हिसकावले.

"पुढच्या वर्षीचं नाव काढू नका. हिले उचला, जुन्या ओसरीत चला."

"तिथी? तिथी कशाले टांगशीन?"

बाईंनी ओसरीतल्या सागाच्या तुळयांकडे बोट दाखवले. "याईले. आपलं लग्न झालं तेव्हापासून इथीच हायेत."

भाऊंनी दोरखंड आणले. मला टांगल्यावर बाईंनी एक पान लावले, ते माझ्या फळीवर ठेवले आणि मला हलकेच झोका दिला. "पहिले मायचं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी झुलले! अंगणातला वारा अंगाला लागला आणि मी पुन्हा जंगलात उभी आहे असे वाटले. कौलांवरच्या चिमण्या त्या दिवशी मी डोळे भरून पाहिल्या. मग भाऊ आणि बाई मधली जागा सोडून माझ्यावर बसले. काम पडले होते, तरी संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

नव्या घरात हल्ली धानाची पोती असतात. मी अजून जुन्या ओसरीतच आहे.

तुमच्याही घरी माळ्यावर चांगल्या दिवसासाठी काही बांधून ठेवले असेल, तर आजच खाली काढा. आणि खालून कोणी काठीने टोचत असेल, तर त्याला आधी बसवा. माझ्या फळीवर काताचा एक लाल डाग आहे. मनकर्णाबाई मला रोज पुसतात, तो डाग मात्र ठेवतात.