मागच्या सीटवरचा ब्रेक

माझा भाचा पाच महिन्यांचा आहे. डोक्यावर केस नाहीत, स्वतः काडीचं काम करत नाही आणि ओरडला की चार माणसं धावतात. म्हणून आम्ही त्याला मॅनेजर म्हणतो.

मॅनेजरला दोन गोष्टी नामंजूर होत्या. एक त्याची क्रिब, म्हणजे कठड्याची खाट, दुसरी गाडीतली त्याची सीट. क्रिबला पाठ टेकली की तो कमानीसारखा ताणायचा. सीटच्या पट्ट्याचा ‘खट्’ आवाज आला की असा सुरू व्हायचा, की पुढच्या गाड्या आम्हाला रुग्णवाहिका समजून बाजूला व्हायच्या.

ताई दातांच्या कवळ्या बनवते. सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. कामाच्या जागेला लागूनच पाळणाघर होतं, म्हणजे सगळी सोय होती. फक्त तिथवर वीस मिनिटं तिने एकटीने गाडी चालवायची आणि मागे मॅनेजर. तिथल्या मालकीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारी आली नाहीस तर तुझं टेबल दुसरीला."

आज शनिवार होता. सकाळपासून तीन वेळा निघालो आणि तिन्ही वेळा पहिल्या चौकातून परत आलो.

"नाही जात मी कामावर," ताई म्हणाली. "कवळीशिवाय माणूस मरत नाही. हा बघ, जगतोय की."

हसली, पण बक्कल उघडताना तिची बोटं दोनदा घसरली. ती बोटं एरवी तांदळाएवढा दात सरळ बसवतात.

"माझा मुलगा कध्धी असा रडला नाही," दारातून तिच्या सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचा मुलगा म्हणजे आमचे दाजी. ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. गेली अकरा वर्षं ते त्या ब्रेकवर पाय ठेवूनच जगत आलेत.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्यात तक्रार आली की आधी वजन ठेवून लिफ्ट फिरवतात. मॅनेजरचं वजन सात किलो. मी सात किलो बटाट्यांची पिशवी आणून त्याच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला.

"हे काय?" ताईने विचारलं.

"चाचणी."

"तुला घरात घेतलं हेच चुकलं."

तरी ती स्टिअरिंगवर बसली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मॅनेजर सासूबाईंकडे राहिला. दाजी नेहमीसारखे मागे, बटाट्यांशेजारी. मी ताईच्या बाजूला, पुढे.

बटाटे शांत होते. मी मात्र नव्हतो. पहिल्याच वळणाला माझ्या पाठीत लाथ बसली.

"दाजी?"

"काय?"

"काही नाही."

चौकाजवळ परत लाथ आणि सोबत "ब्रेक! ब्रेक! अगं, ब्रेक!"

"लावलाय!" ताई ओरडली.

मी गाडी कडेला घ्यायला लावली. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस का किंचाळतो ते बाहेर उभं राहून कळत नाही, आत जावं लागतं. मी बटाटे पुढे दिले, मागे गेलो आणि सीटशेजारी गुडघे दुमडून डोकं मॅनेजरच्या डोक्याच्या जागी नेलं. त्याची सीट उलट्या तोंडाची. तिथून रस्ता दिसत नाही, ताई दिसत नाही. दिसतात फक्त दाजी.

"दाजी, आत्ता ताई गाडी सुरू करतेय असं समजा."

ते तसं समजले. डोळे बाहेर आले, जबडा आवळला, मान पुढे झेपावली आणि उजवा पाय धाडकन समोर गेला. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. मलाही रडू आलं.

"म्हणजे तो सीटला घाबरत नव्हता," ताई आरशातून दाजींकडे बघत हळूच म्हणाली. "आणि क्रिबजवळही तूच उभा असतोस. ‘मागे घे, मागे घे, अजून थोडं, बास!’ त्या ‘बास’ला तो दचकतो."

"पाय आपोआप जातो गं," दाजी म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण बटाट्यांच्या पिशवीएवढा झाला.

रविवारी दाजींना क्रिबपासून दोन मीटर लांब, स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभं केलं. ताईने मॅनेजरला टेकवलं: आधी पाय, मग बूड, सगळ्यात शेवटी डोकं, आणि छातीवर तळवा तसाच राहू दिला. तीन वेळा तो कुरकुरला, तीन वेळा उचलला. चौथ्यांदा झोपला. आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो. आता काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

मग उभ्या गाडीत त्याला सीटवर बसवून मी खुळखुळा वाजवला. मग गल्लीपुरती फेरी. मग चौकापर्यंत. दाजी फुटपाथवरून हातवारे करत होते, पण मॅनेजरला ते दिसत नव्हते.

सोमवारी ताई एकटी गेली.

दाजींनी सकाळचे दोन शिकाऊ पुढे ढकलले आणि खिडकीशी उभे राहिले. पाच मिनिटं. दहा. त्यांचा उजवा पाय फरशीत रुतला होता. पंधरा झाली. चहा आणला तर त्यांनी कप उलटा धरला. वीस होऊन गेली. बावीस.

फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"पोचलो. चौकापर्यंत रडला. मग गप्प झाला. उतरून बघते तर पट्ट्याचं टोक चोखतोय."

"ब्रेक वेळेवर लागत होता ना?"

"कोणाचा? तुझा की माझा?"

मागून मॅनेजर काहीतरी हुकूम देत होता. "ठेवते," ताई म्हणाली, "टेबलावर कवळ्या पडल्यात."

दाजींनी पाय उचलला. फरशीला काही झालं नव्हतं. मी वाकून पाहिलं.