कोको हिलची हजेरी

माझ्या एकेचाळिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात कसरीने पाडलेलं एक भोक आहे. व्यास दोन मिलिमीटर. त्यातून पुढच्या पानावरचं फक्त एक अक्षर दिसतं.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर कोको हिल नावाचं डोंगरातलं खेडं आहे. उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेली माणसं मुक्त झाल्यावर डोंगर चढून तिथे गेली आणि घरं बांधून राहिली. त्यांच्या नातवंडांच्या काळात मोठं वादळ झालं. कोण उरलं ते पाहायला शाळामास्तरांनी मला शिवलं आणि घरोघर जाऊन नावं लिहिली.

तेव्हापासून दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चर्चच्या अंगणात माझ्यातली नावं मोठ्याने वाचत. जो पोटासाठी न्यूयॉर्कला किंवा लंडनला गेला असेल, त्याच्या नावाला घरचं कुणीतरी "हजर!" म्हणे. मूल जन्मलं की नाव लिहायचं आणि माणूस मेल्याशिवाय ते खोडायचं नाही, हा गावाचा नियम. म्हणून गावात राहणारी माणसं एकशे अडतीस, आणि माझ्यात चारशे बारा.

सहा वर्षांपूर्वी ज्ञानदा आली. ती शिकागोजवळ राहून लोकसंख्येवर पीएचडी करत होती. नावं वाचणाऱ्या ओलिव्हबाईंकडून तिने मला तीन महिन्यांसाठी मागून घेतलं. 'मावशी' हा शब्द तिने त्यांना शिकवला आणि तशीच हाक मारू लागली.

विद्यापीठात मला हातमोजे घालून हाताळत. माझे फोटो पडद्यावर दाखवत. मी फुलून गेले. मग प्रबंधाची तारीख जवळ आली. बाहेरगावी गेलेले चुकून मोजले जाऊ नयेत, म्हणून ज्ञानदाने पट्टी धरून, लाल पेनाने त्यांची नावं खोडली. माझ्यावरच. डेटा किती क्लीन आहे, असं सगळे म्हणाले. त्या कौतुकाने मीही सुखावले होते, मित्रांनो. हे सांगताना आज मान वर होत नाही.

पदवी मिळाल्यावर तिने मला एकदा उघडलं आणि लगेच मिटलं. तेव्हापासून मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या तिच्या घरात, कपाटात, स्वेटरांखाली आहे.

पहिल्या वर्षी ओलिव्हबाई फोनवर हसून म्हणाल्या, "अगं, अजून वाचून होईना? एवढी माणसं आमच्या गावात आहेत तरी का!"

"स्कॅनिंग बाकी आहे, मावशी," ज्ञानदा म्हणाली. दर वर्षी तेच म्हणाली.

तिचा नवरा अतुल वैतागायचा. "कुरिअर कर ना यार! ट्रॅकिंगसुद्धा मिळतं."

"आणि रेघा?"

"ओलिव्हबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांना काय दिसतंय एवढं?"

त्यावर ती कपाटाचं दार लावून घ्यायची.

मित्रांनो, उसनं आणलेलं परत करावं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आपल्या हातून बिघडलेलं परत करणं फार जड जातं. लाजेपायी ते दडवून ठेवू नका. दडवल्याने ते दुरुस्त होत नाही, आणि ज्याचं आहे तो तिकडे वाट पाहत राहतो.

परवा फोन स्पीकरवर होता. ओलिव्हबाईंचा आवाज बारीक झाला होता. "पोरी, इतकी वर्षं मी नावं पाठ म्हणते आहे. गेल्या ऑगस्टला माझ्या सख्ख्या बहिणीचंच राहिलं. ती टोरांटोला असते. तिचा मुलगा 'हजर' म्हणायला उभा होता. तसाच उभा राहिला."

त्या बहिणीचं नाव माझ्या बासष्टाव्या पानावर आहे. लाल रेघेखाली.

ज्ञानदाने शेगडी बंद केली.

"मावशी, स्कॅनिंग कधीच झालंय. मी खोटं बोलले. बाहेरगावी गेलेल्या सगळ्यांची नावं मी खोडली आहेत. दोनशे चौऱ्याहत्तर. या ऑगस्टला वही घेऊन मी स्वतः येते, आणि अंगणात उभी राहून सगळ्यांना हे सांगते."