फुलं का झुंबर

राजेश्रीबाईंचा एखादा नियम असता तर माणसानं ऐकून घेतला असता. पण बाईंकडे साडीगणिक नियम! पैठणीवर मोत्याच्या कुड्या. इरकलीवर बुगडी. नारायणपेठीवर सोन्याचे झुमके, तेही बेताचे. सुती साडीवर काळपट चांदीचं काहीतरी, म्हणजे बाई शिकलेली दिसते. पैठणीवर कुणी मोठे झुमके लोंबकळवलेले दिसले की राजेश्रीबाई तिथल्या तिथं तोंड फिरवायच्या. परभणीतल्या त्यांच्या भिशीच्या बायका लग्नाला निघण्याआधी आपापल्या कानांचे फोटो त्यांना पाठवायच्या आणि उत्तर येईपर्यंत चपला घालायच्या नाहीत. बाईंचा रुबाब एखाद्या सर्जनला नसेल एवढा.

एक गोष्ट मात्र बाई कुणाला सांगत नसत. त्या मूळच्या पेडगावच्या. आता पेडगाव काय परदेशात आहे? पण माहेर विचारलं की "इकडचंच" म्हणून त्या विषय बदलायच्या. लग्न होऊन शहरात आल्या तेव्हा 'हाय' आणि 'न्हाई' त्यांनी असे काही टाकून दिले की परत तोंडात येऊ दिले नाहीत. त्यांच्याबरोबर घरचे आणखी बरेच शब्द गेले. गेले तर गेले, बाईंचं काय अडलं होतं?

मुलगा नागेश याचं बोरीच्या अर्पिताशी जमलं, तेव्हा बैठकीत बाईंनी ठणकावून सांगितलं, "आम्हाला काही नको. नारळ आणि मुलगी." हे वाक्य त्यांनी भिशीत इतक्यांदा ऐकवलं की बायकांना पाठ झालं. फक्त साखरपुडा परभणीत, हॉलवर करा, एवढीच त्यांची अट. सगळी भिशी येणार होती. तिच्यासमोर आपलं हसं होऊ नये, बाईंच्या जिवाला एवढाच घोर होता.

साखरपुडा जवळ आला तशा बाई आरशापुढून हलेनात. मांडीवर मोरपंखी पैठणी, पुढ्यात कानातल्यांचे डबे. कुड्या घालायच्या हे ठरलेलंच, पण पांढऱ्या मोत्यांच्या की मध्ये गुलाबी खडा असलेल्या? नवरा बन्सीधर म्हणाला, "दोन्ही चांगल्या आहेत." दोन्ही! काय माणूस आहे! बाईंनी त्याला असा काही झापला की तो निमूट पेपरात शिरला. तेवढ्यात बोरीहून सरजाबाईंचा, म्हणजे अर्पिताच्या आईचा फोन आला.

"विहीणबाई, एक इचारायचं व्हतं. फुलं करावीत का झुंबर? तुमच्या पसंतीनं व्हावं म्हणलं."

बाईंच्या डोळ्यांपुढे लगेच हॉलचं छत आलं. सजावटीचं विचारतायत, विचारलं ते बरंच केलं, त्यांना वाटलं.

"फुलं नकोत हो. फुलं आता कोण लावतं! झुंबरंच करा."

"लहान का मोठी?"

"मोठी! शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही दिसली पाहिजेत. आणि दोन्ही बाजूंना सारखी."

"सारखीच की. वरून साखळी लावावी का?"

"साखळी तर हवीच. पक्की बसवून घ्या, कुणाच्या डोक्यात पडायला नकोत."

सरजाबाई हळूच म्हणाल्या, "लय मोठी म्हणता तर... करते मी काईतरी. तुमी काळजी करू नका."

बाईंनी फोन ठेवला आणि गुलाबी खड्याच्या कुड्या पक्क्या केल्या.

साखरपुड्याला बाई हॉलमध्ये शिरल्या त्या मान वर करूनच. वर पंखे. नुसते पंखे, तेही धुळीनं काळे झालेले. मागे भिशीतली वैष्णवी, जिच्या जिभेला हाड नाही ती, मोबाइलवर फोटो काढत होती. बाईंचं डोकंच फिरलं.

"विहीणबाई, झुंबरं कुठंयत?"

आवाज इतका चढला की अर्धा हॉल वळून बघू लागला. सरजाबाई मात्र हसत पुढे आल्या. "आणलीत की! दम धरा वाईच. पाटावर बसल्याबिगर कशी घालायची?"

घालायची? बाईंना काही उमजेना. त्यांना पाटावर बसवलं, ओटी भरली, आणि सरजाबाईंनी पदराआडून लाल कागदाची पुडी काढून उघडली. आत सोन्याची झुंबरं. भलीमोठी, साखळ्यांसकट.

"आमच्यात विहिणीचा कान रिकामा ठिवत न्हाईत," सरजाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या.

तेव्हा कुठं बाईंच्या डोक्यात उजेड पडला. फुलं म्हणजे कानाला चिकटून बसणारी, आणि झुंबर म्हणजे खाली लोंबणारं. पेडगावात त्यांची आई दुसरं काही म्हणतच नव्हती. साऱ्या भिशीला कानातलं शिकवणाऱ्या बाईला कानातल्याचं नाव कळलं नव्हतं!

सरजाबाईंनी कुड्या काढल्या, झुंबरं चढवली. कानाच्या पाळ्या खाली ओढल्या गेल्या. पैठणीवर झुंबरं! वैष्णवीनं लगेच फोटो घेतला. साखळी केसांत अडकवायला सरजाबाई अगदी जवळ वाकल्या, तेव्हा बाईंना त्यांचे कान दिसले. भोकांत कडुलिंबाच्या काड्या होत्या.

"तुमच्या कानातलं?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"मोडलं की. तुमी मोठीच पायजेत म्हणलात. सोनाराकडं गेले तर सोनं कमी पडायलं, मग माझं बी दिलं त्यात."

वैष्णवीला तेवढंच हवं होतं. "काय हो राजेश्रीताई, नारळ आणि मुलगी म्हणत होतात ना? मग हे काय, मागून घेतलंत?"

बन्सीधर पुढे सरकला. "अगं, तू तर त्या दिवशी हॉलच्या..."

"तुम्ही गप्प बसा!"

मला छताची वाटली, एवढंच म्हणायचं होतं. सरजाबाईंचं सोनं त्यांना परत मिळालं असतं. चार बायका हसल्या असत्या आणि जेवणावर विसरल्या असत्या. पण सोयरीक जुळवताना बाईंचं माहेर सरजाबाईंना कळलेलं होतं; त्या नक्की बोलून गेल्या असत्या, "अवो, पेडगावच्या असून तुमाला झुंबर ठाव न्हाई?" आणि ते भिशीनं ऐकलं असतं. हावरट ठरलेलं चाललं असतं, खेडवळ ठरलेलं बाईंना चालणार नव्हतं.

"हो, मीच सांगितलं होतं," बाई मान ताठ करून म्हणाल्या. "मला आणखी भरीव हवी होती. असू देत आता."

सरजाबाईंचं हसू जिथल्या तिथं थांबलं. त्यांनी नकळत पदर कानांवर ओढला.

अर्पिता सासूच्या पाया पडायला पुढे आली होती. तिनं आईकडे पाहिलं, मग त्या हलणाऱ्या झुंबरांकडे पाहिलं. आणि वाकता वाकता ती तशीच सरळ उभी राहिली.